किहीमकर : एका आडनावाचा प्रवास

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे दोन अनोळखी माणसे भेटली की पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा आडनावाचा. पहिला प्रश्न सौजन्याचा असतो, दुसरा चौकशीचा. आडनाव कळले की जातीचा अंदाज बांधता येतो. जात कळली की समोरच्या माणसाशी किती अंतर राखून बोलावयाचे आणि त्याला खोली भाड्याने द्यावयाची की नाही, हे मनातल्या मनात ठरून जाते. बिहारमध्ये १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाशजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन अनेक तरुणांनी जातिवाचक आडनावे टाकून दिली, ती याच जाणिवेतून. परंतु आडनाव टाकून देण्यापूर्वी ते कोठून आले, त्याने काय जपले आणि काय लपविले, हे तपासून पाहणेही आवश्यक असते. कारण आडनाव हा केवळ शब्द नसतो. त्यात जमिनीचा, धंद्याचा आणि स्थलांतराचा इतिहास साठलेला असतो.

मराठी आडनावांत काही वतनाची आहेत : कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. काही कसबाची आहेत : सुतार, लोहार, कुंभार. आणि एक फार मोठा वर्ग गावाच्या नावाला 'कर' हा प्रत्यय लागून झालेल्या आडनावांचा आहे. वतनाचे आडनाव सत्ता सांगते, कसबाचे आडनाव श्रम सांगते. 'कर' मात्र फक्त ठिकाण सांगतो. या तिसऱ्या वर्गातील एक दुर्मिळ आडनाव आज विचारासाठी घ्यावयाचे आहे. ते म्हणजे 'किहीमकर'.

किहीम हे रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई) अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. अलिबागच्या उत्तरेस, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गेलेल्या रस्त्यावर ते लागते. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा जो प्रसिद्ध अभ्यास केला तो याच गावी. 'किहीमकर' या शब्दाचा अर्थ एवढाच की किहीमचा राहणारा. हे आडनाव धारण करणारी कुटुंबे मात्र विशेषकरून एका समाजातील आहेत. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात कोकणातील मराठीभाषक यहुदी.

या समाजाची परंपरा अशी की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकण किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. ती ज्या ठिकाणी किनाऱ्याला लागली असे मानले जाते ते नवगाव हे अलिबाग आणि किहीम यांच्या दरम्यानच आहे. बुडालेल्यांना तेथेच पुरले, असे ही परंपरा सांगते. नवगावची जुनी दफनभूमी या समाजाला आजही पवित्र वाटते. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली. परंतु शनिवारी काम न करण्याचा नियम, मुलांची सुंता, काही सण-उपवास आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकून राहिली. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की परक्या देशातून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या या लोकांना कोकणातील गावाने धर्म म्हणून ओळखले नाही. त्यांना त्याने एक जात म्हणून ओळखले आणि बलुत्या-अलुत्यांच्या उतरंडीत एक पायरी नेमून दिली. भारतीय ग्रामव्यवस्थेची पचनशक्ती दांडगी होती. परंतु ती पचवीत असे ते माणसाला जातीत रूपांतरित करूनच.

आता आडनावाच्या दुर्मिळतेचे कारण पाहू. बेने इस्रायल समाजात गावावरून पडलेली आडनावे शंभराहून अधिक आहेत : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर, राजपूरकर, झिराडकर, दिवेकर, वाकरूळकर, किहीमकर. काही हजारांच्या समाजात एवढी आडनावे कशी? उत्तर घाण्यात आहे. एक घाणा आसपासच्या थोड्या वस्तीची तेलाची गरज भागवितो. त्या वस्तीची ऐपत वाढल्याखेरीज दुसऱ्या घाण्याला तेथे जागा नसते. शेतीवर पिढ्यान्‌पिढ्या भावाभावांत वाटण्या करून अर्धपोटी का होईना राहता येते. घाण्याच्या बाबतीत ते तितकेसे जमत नाही. म्हणून धाकट्या भावाने पुढच्या गावी जावयाचे, तेथे घाणा घालावयाचा. अशा रीतीने हा समाज अलिबाग, पेण, रोहे, मुरुड या पट्ट्यात गावोगाव एकेक-दोनदोन घरांनी विखुरला. गावे अनेक आणि प्रत्येक गावी घरे थोडी, त्यामुळे प्रत्येक आडनावाची माणसेही थोडीच. आडनावाच्या दुर्मिळतेमागे असे साधे अर्थशास्त्र आहे.

परंतु किहीममध्ये राहणाऱ्या माणसाला कोणी किहीमकर म्हणत नाही. तेथे सारेच किहीमचे; मग हे विशेषण लावावयाचे कोणाला? गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, धंद्याने किंवा आळीच्या नावाने. तो वेशीबाहेर पडतो आणि दुसऱ्या गावी उभा राहतो तेव्हा 'कुठला?' हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आडनाव होऊन बसते. म्हणजे 'कर' हा प्रत्यय वरकरणी मुक्कामाचा दिसला तरी वस्तुतः तो प्रस्थानाचा आहे. ज्याने गाव सोडले त्याच्याच नावात गाव राहते. मुंबईच्या चाळींतील हजारो 'कर' आडनावांच्या पाट्या म्हणजे कोकणातील अपुऱ्या जमिनीचा, खोतीचा आणि उपासमारीचा एक न लिहिलेला दस्तऐवज आहे.

बेने इस्रायल समाजाचे मुंबईकडे प्रस्थान अठराव्या शतकात सुरू झाले. कंपनी सरकारच्या पलटणी, मुंबईची बांधकामे, सुतारकाम, पुढे कचेऱ्या, इस्पितळे, रेल्वे अशी कामे त्यांनी पत्करली. कंपनीच्या फौजेत चढलेल्या सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद बंदर या स्थानकाच्या नावाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. या दिवेकरांचे लोकांच्या तोंडचे नाव सामाजी हसाजी असे होते. सॅम्युएलचे सामाजी, इझेकिएलचे हसाजी, अब्राहमचे आबाजी, आयझॅकचे इसाजी. बायबलातील संदेष्ट्यांना मराठी भाषेने असे अंगरखे चढविले. नाव यहुदी, रूप मराठी, आणि पुढे कोकणातील गाव, अशी ही एका माणसाच्या नावात झालेली तीन संस्कृतींची वस्ती होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. ज्यांची धर्मभाषा हरपली होती त्यांना ती मराठीच्या मार्फत परत मिळाली, ही घटना मराठी भाषेच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

किहीमकर हे आडनाव ज्यांच्यामुळे ग्रंथांतून जगभर गेले ते हाईम सॅम्युएल किहीमकर हे एकोणिसाव्या शतकातील शिक्षक आणि समाजसुधारक. मुंबईत १८७५ मध्ये यहुदी मुलांची शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. परंतु तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. गावोगावची चालरीत, खाणे-पिणे, लग्नविधी आणि आडनावे या ग्रंथामुळेच आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. तेल्याच्या जातीत गणल्या गेलेल्या समाजातील एका शिक्षकाने आपल्या लोकांचा इतिहास स्वतः लिहिला, याचे मोल फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्रजी शिक्षणाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. शाळेत आणि कचेरीत बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव म्हणून लिहिण्याचा प्रघात पडला आणि 'कर' गळू लागला. 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटातील जॉन चाचांच्या भूमिकेने घरोघर पोचलेले नट डेव्हिड हे पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले आणि ज्यांच्या नावाचा रस्ता मुंबईत आहे ते डॉ. मोझेस म्हणजे एलिजा मोझेस राजपूरकर. कामा इस्पितळाच्या प्रमुखपदी अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात गाव राहिले, प्रत्यय गेला. इंग्रजी कवी निसीम इझेकिएल यांचे घराणे तळकरांचे. रोजच्या व्यवहारातून 'कर' असा मागे पडत गेल्यामुळे कागदोपत्री ही आडनावे समाजाच्या संख्येपेक्षाही विरळ दिसू लागली.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. गावावरून पडलेले आडनाव जात सांगत नाही, हा त्याचा गुण. दिवेकर यहुदी असतील तसे चित्पावन ब्राह्मणही असतात. दांडेकर हे आडनाव ब्राह्मणांत आहे आणि अहमदाबादचे प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड यांच्या यहुदी घराण्याचेही ते मूळ आडनाव. एका गावाची माती अनेक जातिधर्मांच्या नावांना चिकटली, हे दृश्य मनाला सुखविणारे आहे. पण या सुखात फार वेळ रमून चालणार नाही. बाबासाहेबांच्या आडनावातही गावाच्या नावाला लागलेला हाच 'कर' आहे. म्हणून गावाने त्यांच्या लोकांना पाणवठा खुला केला काय? याच कुलाबा जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप चालविला, तेव्हा कोठे कसणाऱ्याचा आवाज कायदेमंडळापर्यंत पोचला. गावाचे नाव सर्वांना सारखे मिळते. गावाचे पाणी आणि गावाची जमीन सारखी मिळत नाही. नाव वाटून घेणे फुकट असते, म्हणूनच ते वाटले जाते.

स्वतः बेने इस्रायल समाजही या दोषापासून मुक्त राहिला नाही. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर पडले. यहुदी आईबापांची संतती ती गोरी आणि यहुदी बाप व बिगरयहुदी आई यांची संतती ती काळी, असा भेद मानला जाई आणि त्यांच्यात रोटीबेटीचा व्यवहार होत नसे. ज्यांना गावाने जातीत बसविले त्यांनी आपल्या घरातही जात मांडली. पीडिताला भेद कळतो, परंतु कळला म्हणून तो सुटतोच असे नाही, हा धडा सर्वच चळवळींनी लक्षात ठेवावयास हवा.

या आडनावाच्या प्रवासाचा पुढचा टप्पा देशाबाहेरचा आहे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील दोन दशकांत या समाजातील बहुसंख्य लोक तेथे गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व यहुदींची संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. १९७१ मध्ये ती सहा हजारांच्याही खाली आली. भारतात या लोकांचा छळ झाला म्हणून ते गेले असे नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतः वारंवार सांगितली आहे. धर्माची ओढ होती, नव्या राष्ट्राचे आकर्षण होते आणि इंग्रजांच्या जाण्यानंतर नोकऱ्यांविषयी अनिश्चितताही होती. परंतु तेथे पोचल्यावर रंगावरून भेद होतो, कामे हलकी दिली जातात, अशा तक्रारी सुरू झाल्या. काहींनी धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि १९५२ मध्ये काही कुटुंबे परत आलीही.

याहून मोठा अपमान पुढे होता. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मगुरूंनी असा आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुदींशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची आणि त्यामागच्या पिढ्यांची शक्य तेवढी चौकशी करावी. किहीमच्या किंवा पेणच्या तेलिणीच्या पणजीचा दाखला कोठून आणावयाचा? आणि विरोधाभास असा की त्यांच्याजवळ पूर्वजांची जी एकमेव खूण होती, म्हणजे आडनाव, ती बापाकडून आलेली; धर्मगुरूंना हवी होती ती आईची वंशावळ. पुरुषप्रधान समाजाने ज्या बायकांची नावे कोठे लिहून ठेवली नाहीत त्यांच्याच नावांचा पुरावा त्यांच्या नातवंडांना मागितला गेला.

या लोकांनी मग जे केले ते आपल्या परिचयाचे आहे. त्यांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले. स्त्रिया-मुलांसह बसलेल्या या लोकांची दखल अखेर सरकारला घ्यावी लागली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी संसदेचे अधिवेशन बोलाविले आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी असून त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. त्यानंतर धर्मगुरूंनाही आदेशातून या समाजाचा नामनिर्देश काढून टाकावा लागला. वंशाचे दाखले शोधीत बसण्याऐवजी एकत्र येऊन रस्त्यावर बसल्याने समान हक्क मान्य झाला, ही या प्रकरणाची शिकवण आहे.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेने इस्रायल कुटुंबे ज्या गावांत वसविली गेली त्यांत बीरशेबा, दिमोना, अश्दोद यांबरोबर लोद आणि रामला ही शहरेही आहेत. या शेवटच्या दोन शहरांतील बहुसंख्य अरब रहिवाशांना १९४८ च्या जुलैमध्ये हाकलून देण्यात आले होते. अरबी भाषेतही गावावरून आडनाव करण्याची रीत आहे. रामलाचा तो 'रमलावी'. आज रमलावी आडनावाची माणसे रामलाबाहेर निर्वासित म्हणून आढळतात आणि कोकणातील गावांची नावे मिरविणारी माणसे रामलात राहतात. आपले गाव नावात घेऊन आलेल्या माणसाला ज्यांचे फक्त नावातच गाव उरले आहे त्यांचे दुःख कळावयास हवे. तेल्यांच्या वंशजांना दोष देण्याचे कारण नाही, कारण वसाहती कोठे करावयाच्या हे त्यांनी ठरविले नव्हते. परंतु न्यायाची मागणी आपल्यापुरती करून थांबता येत नाही, हेही तितकेच खरे.

किहीमकर आडनावाची माणसे आज थोडी आहेत आणि जी आहेत ती मुंबई परिसरात आणि इस्रायलमध्ये विखुरलेली आहेत. फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक किहीमकर यांच्या ग्रंथांमुळे हे आडनाव निसर्गप्रेमी वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. इस्रायलमध्ये हीच 'कर' आडनावे आता हिब्रू लिपीत लिहिली जातात. तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक या समाजाने चालविले, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे घालून केलेला मलिदा तेथेही वाटला जातो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तेव्हा तो घेण्यासाठी मागे राहिलेले लोक काही हजारच होते. अलिबागच्या इस्रायल आळीत प्रार्थनामंदिर उभे आहे. आळीचे नाव टिकले आहे, माणसे बहुतेक गेली आहेत.

आणि किहीम? तेथील किनाऱ्यालगतच्या वाड्यांच्या जागी आता मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे आहेत. शनिवारी-रविवारी तेथे गर्दी होते. एके काळी ज्या गावात शनिवारी घाणा थांबत असे, त्या गावाचा बाजार आता शनिवारी सुरू होतो. गाव नावात घेऊन श्रमिक बाहेर गेला आणि ज्याच्या नावात गाव नाही असा पैसा आत आला. किहीममध्ये घर असलेल्या धनिकाला कोणी किहीमकर म्हणणार नाही आणि तशी त्याची इच्छाही नसेल. मालकीला आडनावाची गरज नसते. तिच्यापाशी सातबारा असतो.

मग कार्यकर्त्याने या साऱ्यातून काय घ्यावे? एक म्हणजे, आडनाव विचारून माणसाची किंमत ठरविण्याची सवय आपण आपल्या बैठकांतून तरी हद्दपार करावी. दुसरे, केवळ आडनाव टाकून विषमता जात नाही. 'कर' गळला तरी गोरे-काळे राहिलेच होते, आणि 'कर' राहूनही तळ्याचे पाणी मिळाले नव्हते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसाचा हक्क त्याच्या पूर्वजांच्या दाखल्यावर अवलंबून ठेवणारी कोणतीही व्यवस्था, मग ती धर्माची असो, जातीची असो किंवा राज्याची असो, शेवटी गरिबाच्याच विरुद्ध जाते. कारण दाखले असतात ते ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्यापाशी. ज्यांनी घाणे फिरविले, ओझी वाहिली, गावे सोडली, त्यांच्यापाशी असते ते एक नाव, आणि कधी तेही नसते.

'भूमिपुत्र' हा शब्द आज मोठ्या आवाजात उच्चारला जातो. तो उच्चारणाऱ्यांच्या आडनावांत जर 'कर' असेल तर त्यांनी क्षणभर थांबावे. त्यांचा कोणी पूर्वज कधी तरी पोटासाठी गाव सोडून निघाला होता आणि परक्या वेशीवर कोणी तरी त्याला विचारले होते, 'कुठला?' त्या प्रश्नाचे उत्तरच त्यांनी आज अभिमानाने धारण केले आहे. उद्या आपल्या वेशीवर येणाऱ्याला तोच प्रश्न कोणत्या स्वरात विचारावयाचा, हे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे.